शक्यता नाकारता येत नाही

रेघ फिकट होती. रुंदी एक मिलिमीटरच्या आत, लांबी जेमतेम तीन, रंग कुंकवाचा डाग दोनदा धुतल्यावर उरतो तसा. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर 'सी' या अक्षरासमोर एक ठळक रेघ होती. ती असायलाच हवी होती. 'जी' या अक्षरासमोर ही दुसरी होती, किंवा नव्हती. खिडकीजवळ नेली की दिसायची, ट्यूबलाइटखाली आणली की जायची. शालिकरामभाऊंनी चष्मा लावून पाहिली तेव्हा ती होती आणि चष्मा पुसून पाहिली तेव्हा नव्हती.

"मॅडम, आहे का नाई हे?" त्यांनी विचारलं. बोट त्यांचं टोचलेलं होतं, त्यामुळे प्रश्नात जिव्हाळा होता.

"आहे असं म्हणता येईल," मी म्हणाले. "नाही असंही म्हणता येईल."

"म्हंजे मले होऊन गेला का नाई गेला?"

त्या प्रश्नानंतर चार दिवसांत आमच्या अकरा घरांवर हिवतापाची फवारणी झाली, कॉलनीच्या तोंडाला बांबू लागले आणि आम्ही सात जण शासनाच्या नोंदीत एकाच सायंकाळी साडेपाच वाजता आजारी पडलो. हे कसं घडलं ते मी क्रमाने सांगते. क्रम सोडला की माझं डोकं दुखतं.

कुरखेड्यापासून बसने पाऊण तासावर आमचं गाव. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझा नवरा भूपेश लाकडाच्या सरकारी डेपोत कारकून आहे आणि दिवसाला साधारण चाळीस शब्द बोलतो. आमची वस्ती अकरा घरांची. आम्ही तिला कॉलनी म्हणतो. गाव तिला नोकरदाराईची लाईन म्हणतं. मागे धानाच्या बांध्या, पुढे तलाव, तलावापलीकडे टोला, म्हणजे गावाची लहानशी वाडी. टोल्यावरच्या बुधरीबाई अकरा वर्षं आमच्या सहा घरी भांडी-झाडू करत होत्या. आमच्या घराची एक चावी, लाल दोऱ्यात ओवलेली, त्यांच्याकडेच असायची. दरवर्षी फेब्रुवारीत त्या टोल्यावरच्या बायांसोबत मिरची तोडायला तेलंगणात जायच्या, मजुरीत मिरच्या घेऊन यायच्या आणि सहाही घरी एकेक पुडा द्यायच्या. दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये गाड्या बंद होत्या म्हणून त्या नऊ दिवस चालत आल्या. चौदा दिवस शाळेत राहिल्या. साधी शिंक आली नाही. मग कामावर आल्या.

जूनमध्ये नऊ नंबरच्या घरातले बँकेचे साहेब पॉझिटिव्ह निघाले. ते रोज मोटारसायकलने वडशाला जायचे, दोन हॉटेलांत चहा प्यायचे आणि तोंडाचा मास्क कोपराला लावायचे. पण सभा भरली ती बुधरीबाईंवर. सभा भरवतात शालिकरामभाऊ. ते निवृत्त मुख्याध्यापक आणि कॉलनीचे अध्यक्ष. त्यांच्याकडे एक लाल कापडी बांधणीचं रजिस्टर आहे आणि त्यात जे लिहिलं जातं ते घडलेलं असतं. त्यांनी पेन उघडून मला विचारलं, "मॅडम, तुमी सायन्सवाल्या. हे बुधरीमुळं आलं असंन का?"

मी म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही."

या वाक्याबद्दल थोडं सांगायला हवं. आम्हा विज्ञानवाल्यांचं हे छत्रीसारखं वाक्य आहे. कोणत्याही पावसात उघडावं आणि कोरडं राहावं. त्याचा अर्थ काही नसतो. साहेबांना तो आजार चंद्रावरून आला असण्याचीही शक्यता त्या दिवशी काटेकोरपणे नाकारता आली नसती. पण शालिकरामभाऊंनी लिहिलं: 'विज्ञानाच्या मॅडमनी बुधरीबाईमुळे आजार आल्याचे सांगितले. सर्वानुमते काम बंद.' मी त्यांच्या खांद्यावरून ते वाचलं. शुद्धलेखन बिनचूक होतं. मी काही बोलले नाही.

आणखी एका गोष्टीबद्दल मी बोलले नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत मी हैदराबादला विज्ञान शिक्षकांच्या शिबिराला गेले होते आणि येताना एक कोरडा खोकला घेऊन आले होते. चौथ्या दिवशी शेजारच्या गावात मंडईचं, म्हणजे जत्रेचं, नाटक होतं. सगळी कॉलनी एका ताडपत्रीवर बसली, मी मधोमध. नायिका गाण्यात मरत असताना मी खोकलत होते. आठवड्याभराने कॉलनीतल्या उरलेल्या दहाही घरांत तोच खोकला होता. तीन आठवडे चालला. शालिकरामभाऊंनी त्याला 'नाटकाच्या धुळीचा' म्हटलं, आणि आधी कोण खोकललं हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. एकीच्या राहिलं.

ऑक्टोबरात बाजारात बुधरीबाई भेटल्या. जीपमध्ये शेजारी कोणी बसू देत नाही, टोल्यावरची पोरं कोरोनावाली म्हणून हाक मारतात, हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "मले काम नाई पायजे बाई. काम तं कुठीबी भेटते. पन माहं नाव तुमच्या एका बोलण्यानं बिगडलं. तुमी सभेत म्हटलं, आता सभेतच म्हणा का तसं नाई. तुमी म्हणान तंच सुधरंन."

हे काम एका मिनिटाचं होतं. मी म्हणाले, "थांबा, मी आधी तपासून बघते."

"तपासा बाई," बुधरीबाई म्हणाल्या. "तुमी शिकलेल्या."

तपासायचं काय, तर जानेवारीचा तो खोकला कोरोनाच होता की काय. तो असेल तर आजार बुधरीबाई मिरचीला जाण्याच्या आधीच कॉलनीत होता, आणि त्यांचं नाव पुराव्यानिशी सुटत होतं. अर्थात पुराव्यानिशी दुसरं एक नाव अडकत होतं. त्यामुळे मला तो पुरावा हवाही होता आणि नकोही होता, आणि मी नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी असे तीन महिने घरात फेऱ्या मारल्या. पाठ्यपुस्तकातलं प्रतिपिंडांचं, म्हणजे अँटिबॉडीजचं, प्रकरण मी इतक्यांदा उघडलं की ते पान सुटून हातात आलं. भूपेशने एकदा विचारलं, "काय शोधून राह्यली?" मी म्हणाले, "प्रतिपिंडं." त्याने चाळिसांपैकी उरलेले शब्द दुसऱ्या दिवशीसाठी ठेवले.

कॉलनीला मी फक्त एवढंच सांगितलं की आपल्याला पूर्वी होऊन गेला का हे रक्तावरून कळतं. बुधरीबाईंचं नाव मी घेतलं नाही. प्रतिसाद जोरदार आला. त्या दिवसांत 'आम्हाला आधीच होऊन गेला' असं म्हणण्यात एक प्रकारची सिनियॉरिटी होती. शालिकरामभाऊंच्या पत्नी उर्वशीबाई म्हणाल्या, "आमच्या घरी तं बाप्पा दिवाळीतच झाला. चीनच्या आधी!" पलीकडच्या घराने लगेच दसरा सांगितला. आणखी आठवडाभर थांबले असते तर मामला पोळ्यापर्यंत मागे गेला असता.

शेजाऱ्यांच्या आठवणींना मी पुरावा मानत नाही. पुरावा मिळाला तो बाजारात, अनपेक्षित ठिकाणी. भागीरथाबाई ढिवर तलावाची मासोळी आणि सुकट विकायला बसतात. त्यांना मी सहज विचारलं, मागच्या जानेवारीत काही वेगळं वाटलं होतं का.

"वाटलं ना," त्या म्हणाल्या. "तुमच्या लाईनीतल्या बाया नाकाले पदर लावल्याबिगर माह्यापासी कधी आल्या नाई. त्या महिन्यात आल्या तं पदर खाली. मागच्या हप्त्याची सुकट होती, माशी बी बसत नोती तिच्यावर. उर्वशीबाईनं हुंगली, 'ताजी दिसते' म्हटलं अन् अर्धा किलो नेली." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमी बी नेली बाई."

मी नेली होती. चवीने खाल्लीही होती. अकरा घरांचा वास एकाच महिन्यात गेला, हे निरीक्षण एका मासळीवालीने नोंदवलं होतं आणि मी, जीवशास्त्रात पदव्युत्तर शिकलेली, त्या महिन्यात चपला उन्हात ठेवल्या म्हणून वास येत नसावा असं समजून होते. भागीरथाबाईंनी माझ्या पिशवीत मासोळी टाकली आणि म्हणाल्या, "बुधरी पुढच्या गुरुवारी जाते ना मिरचीले. या खेपी तिकडंच राह्यतो म्हणे, ललितापासी. पोरगी दिली ना तिकडं. इथी कोन बोलते तिच्यासंग?"

पुढचा गुरुवार नऊ दिवसांवर होता.

माझा भाचा रोशन चंद्रपुरात औषधांच्या एका दुकानदाराकडे कामाला आहे. बोटातल्या रक्ताच्या थेंबावर पंधरा मिनिटांत प्रतिपिंडं दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात का, म्हणून मी त्याला फोन केला.

"भेटते मावशी. पन ह्याच्यावर तारीख नाई येत. रेघ आली तं कधीतरी होऊन गेला, एवढंच. मागच्या जानेवारीत का ह्या सप्टेंबरात, ते नाई समजत. अन् इतके दिवस झाले तं कोणाकोणाची रेघ मिटून बी जाते."

"मला माहीत आहे."

"मंग काऊन पायजे?"

तेवढ्यात नेटवर्क गेलं. आमच्याकडचं नेटवर्क कधीकधी फार समजूतदार असतं.

पार्सल रविवारी बसने आलं. डब्यावर 'तीस अंशांच्या वर ठेवू नये' असं तीन भाषांत लिहिलं होतं. ड्रायव्हरने ते अदबीने माझ्या हातात दिलं. डबा गरम होता. "नाजूक सामान हाय म्हटलं ना फोनवर," तो म्हणाला, "म्हून मागं नाई टाकलं जी. माह्याजवळ ठेवलं, बोनेटवर. वरून शाल टाकली." चंद्रपूर ते इथपर्यंत, इंजिनवर, शालीत. मी आभार मानले. चांगुलपणा आणि तापमान यांचा संबंध तोंडी समजावून सांगता येत नाही.

आता टोचणार कोण? मी फळ्यावर हृदय काढते, माणसाच्या बोटात सुई घालत नाही. पण आमच्या तिसऱ्या घरात मुखरूभाऊ राहतात. हिवताप खात्यात बत्तीस वर्षं रक्ताचे नमुने घेऊन निवृत्त झालेले. या जिल्ह्यात ताप आला की आधी बोट पुढे करायचं आणि मग तापाबद्दल बोलायचं, ही सवय ज्यांनी लावली त्यांतले ते एक. मी त्यांना विचारायला गेले तेव्हा ते स्वतःचा पत्र्याचा डबा पुसत बसले होते. बातमी आधीच पोचली होती.

"बाई, हे ना, मलेरियाच्या किटीसारखंच हाय," त्यांनी पट्टी उलटसुलट करून सांगितलं.

"दिसतं तसंच, भाऊ, पण अर्थ वेगळा. यात रेघ आली म्हणजे आत्ता आजार आहे असं नाही. पूर्वी होऊन गेला असेल."

"रेघ म्हंजे रेघ, बाई. बत्तीस वर्षात रेघेनं मले धोका नाई देल्ला."

मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. मान हलवणं आणि समजणं यांचा परस्परसंबंध मी वर्गात वीस वर्षं तपासते आहे. तो नगण्य आहे.

सोमवारी सायंकाळी साडेपाचला शालिकरामभाऊंच्या अंगणात कार्यक्रम झाला. अकरा घरांतून एकेक माणूस आणि आमच्याकडून भूपेश जादा, असे बारा. मुखरूभाऊंचा हात खरोखर बघण्यासारखा. डाव्या हाताचं तिसरं बोट, कडेला, एक टोचा, पहिला थेंब पुसायचा, दुसरा घ्यायचा. उर्वशीबाई टोचायच्या आधी ओरडल्या आणि टोचल्यावर म्हणाल्या, "झालं का? मंग मी काऊन ओरडली?" पट्ट्या मी नंबर टाकून ताटात ओळीने मांडल्या, घड्याळ लावलं, वहीत तक्ता आखला. ती पंधरा मिनिटं त्या वर्षातली माझी सगळ्यात शांत पंधरा मिनिटं होती. सगळं आखलेलं होतं आणि काहीच कळलेलं नव्हतं.

मग रेघा आल्या. सहा जणांच्या स्पष्ट, भूपेशची त्यात. चौघांच्या नाहीत. शालिकरामभाऊंची ती फिकट, जिच्यावर सभा चालली. आणि माझी. माझ्या पट्टीवर 'जी' समोर काही नव्हतं. 'सी' समोरही काही नव्हतं. 'सी' ही नियंत्रण रेघ. ती आली नाही तर पट्टीच बाद, माणसाबद्दल काही बोलायचं नाही. बारा माणसांत ज्या एका रक्ताबद्दल मला जाणून घ्यायचं होतं, त्या एकाच पट्टीला बोनेट लागलं होतं.

मुखरूभाऊंनी ती उजेडात धरली आणि हळहळले. "बाई, तुमच्या रक्तात तं काईच नाई."

मी आत जाऊन दुसरी पट्टी घेतली. तीही बाद. तिसरी. बाद. डब्याच्या त्या बाजूच्या सगळ्याच भाजल्या होत्या. चौथ्या वेळी भूपेशने माझा हात धरून खाली ठेवला आणि त्याच्या मानाने एक भाषण केलं: "तुले ठाऊक हाय, आधी कोन खोकललं. मले बी ठाऊक हाय. माह्या रेघेकडे पाहून तुले नवीन काय समजणार?"

त्याला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं. तेवढ्यात बाहेर मुखरूभाऊ गेरूचा डबा धुताना दिसले.

हिवतापवाल्यांचा रिवाज आहे. तपासणी झाली की घराच्या दाराशेजारी गेरूने घर क्रमांक, तारीख आणि निष्कर्ष लिहायचा. मुखरूभाऊंनी मी आत असताना अकराही घरांवर सुवाच्य अक्षरात ते केलं होतं. सात घरांवर लिहिलं होतं: 'पॉ.' शालिकरामभाऊंची फिकट रेघही त्यांनी मोजली होती; त्यांच्या खात्यात संशयाचा फायदा रोगाला मिळतो. आणि रिवाजाचा दुसरा भाग असा की पॉझिटिव्ह निघालं की त्याच दिवशी जुन्या ऑफिसात फोन. तो फोनही झाला होता. बत्तीस वर्षांत त्यांनी फोनवर आजाराचं नाव कधी सांगितलं नव्हतं, कारण आजार एकच असायचा. "सात पॉझिटिव्ह, नोकरदाराईची लाईन," एवढंच.

मंगळवारी सकाळी सातला जीप आली. चार माणसं, फवारणीचे पंप, औषधी मच्छरदाण्यांचा गठ्ठा. "चला, भांडे काढा बाहेर, दाणे झाका!"

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या जिल्ह्यात फवारणीवाला दारात आला की कारण विचारायची पद्धत नाही. लहानपणापासून अंगात भिनलेलं आहे: पंप दिसला की हंडे उचलायचे. अकरा घरांतून अकरा संसार दहा मिनिटांत अंगणात आले. गॅसची शेगडी, लोणच्याची बरणी आणि भिंतीवरचं कॅलेंडर बाहेर काढून मी चौथ्या खेपेला तांदळाच्या डब्याला हात घातला, तेव्हा मला आठवलं की कोरोना डासांमुळे होत नाही.

तोवर भिंती पांढऱ्या झाल्या होत्या. पथकाचे साहेब कागद काढून म्हणाले, "मुखरूभाऊ, कोणता हाय? साधा का मेंदूचा?"

"मलेरिया नोहे साहेब," मुखरूभाऊ अभिमानाने म्हणाले. "कोरोना हाय."

मी इतक्या कमी वेळात इतकं अंतर कापलेली माणसं पाहिलेली नाहीत. एक पंप आमच्या दारात तसाच राहिला, थेंब थेंब गळत.

दुपारी ग्रामसेवक आले, सोबत बांबू आणि सुतळी. कॉलनीच्या तोंडाला आडवे-उभे बांबू बांधून झाल्यावर त्यांनी पलीकडून मोबाईलवर फॉर्म भरायला घेतला. मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं की हे आजारी नाहीत, यांना पूर्वी होऊन गेला असेल, ही तपासणी प्रतिपिंडांची आहे.

"मॅडम, इथी दोनच खाने हायेत. पॉझिटिव्ह, निगेटिव्ह. 'होऊन गेला' असा खाना नाई."

"मग निगेटिव्ह लिहा."

"भिंतीवर 'पॉ' लिवलं हाय ना जी. फोटो बी काढला मी." त्यांनी पुढची ओळ वाचली. "लक्षणं सुरू झाल्याची तारीख?"

"मागच्या वर्षीचा जानेवारी."

त्यांनी तीनदा प्रयत्न केला. "सिस्टीम चौदा दिवसाच्या आतलीच तारीख घेते. काल तपासलं ना? कालचीच टाकतो. वेळ?"

"साडेपाच," मागून मुखरूभाऊ म्हणाले.

अशा रीतीने आम्ही सात जण एकत्र आजारी पडलो. सात म्हणजे माझ्याऐवजी खरं तर भूपेश. पण मॅडम घरच्याच आहेत म्हणून ग्रामसेवकांनी माझं नाव आठवं घातलं आणि मग आकडा जुळेना म्हणून भूपेशचं काढलं. बुधवारी सगळ्यांच्या नाकातून नमुने नेले. अहवाल येईपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही. दूधवाला बांबूपाशी कॅन ठेवून पळायचा. गावातली पोरं लांब उभी राहून आमच्याकडे बोट दाखवायची. उर्वशीबाई दिवसातून सहा वेळा म्हणायच्या, "लोकं कसे पायतेत आपल्याकडं! माणूस नोहे का आपण?" आणि मी दिवसातून सहा वेळा खिडकीतून तलावापलीकडे बघायचे. टोल्यावर जायला चालत बारा मिनिटं लागतात. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मला ती बारा मिनिटं सापडली नव्हती, आणि आता सापडली तर वाटेत बांबू होते.

गुरुवारी सकाळी शालिकरामभाऊंनी सभा बोलावली. प्रत्येकाने आपापली खुर्ची आणली, सहा फुटांवर. रजिस्टर उघडलं.

"विषय क्रमांक एक. रोग कोठून आला?"

मी म्हणाले की रोग आलेलाच नाही. कोणी ऐकलं नाही. विषयपत्रिकेवर तो आलेला होता.

उर्वशीबाई म्हणाल्या, "परवा बुधरी तलावाच्या पारीवर दिसली होती. कपडे धूत होती. अन् वारा इकडचा होता."

खुर्च्यांमधून एक समाधानाची हालचाल झाली. शालिकरामभाऊंनी पेन उघडलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, अगदी जूनमध्ये विचारलं होतं त्याच आदराने, "मॅडम, विज्ञान काय म्हणते?"

आणि मला सांगायला लाज वाटते, पण ते वाक्य उचकीसारखं आपोआप वर आलं. 'शक्यता' हा शब्द जिभेच्या टोकाशी होता.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. पांढरी पिकअप बांबूंपलीकडे उभी राहिली. मागे बाया, बोचकी, एक कोंबडी. बुधरीबाई उतरल्या, चालत आल्या आणि बांबूंपासून सहा फुटांवर, न सांगता, थांबल्या. हे अंतर त्यांना आमच्याच दारात शिकवलेलं होतं.

"बाई," त्यांनी मला हाक मारली. सभेकडे त्यांनी पाहिलं नाही. "चावी देऊन जातो म्हटलं. तुमी मांगितली नाई, म्हून मी देल्ली नाई. आता काई वापस येणं नाई होत." पुढे येऊन त्यांनी लाल दोऱ्याची चावी बांबूच्या सुतळीत अडकवली आणि पुन्हा मागे सरकल्या. "तपासलं का जी?"

"तपासलं."

"मंग? काय निघलं?"

मी सांगायला लागले. पट्ट्या उष्णतेने खराब झाल्या होत्या. ज्यांच्या चांगल्या होत्या त्यांच्यावरून आजाराचा काळ ठरवता येत नाही. प्रतिपिंडं काही महिन्यांनी कमी होतात. माझ्या स्वतःच्या बाबतीत नियंत्रण रेघच आली नसल्यामुळे निष्कर्ष काढणं योग्य होणार नाही. सगळं बरोबर होतं. माझ्या कानांना ते दुसऱ्याच कोणाचं बोलणं वाटत होतं.

पिकअपवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. आतून कोणीतरी ओरडलं, "चाल ना वो बुधरी!"

"बाई, मी शाळेत नाई गेली," बुधरीबाई म्हणाल्या. "मले एवढंच सांगा. माहं नाव सुटते का नाई सुटत त्याच्यातून?"

"त्यातून नाही सुटत," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. ही मान मात्र समजून हलली होती. त्या वळल्या.

"थांबा," मी म्हणाले. मी खुर्चीतून उठले, बांबूपाशी गेले आणि सुतळीत अडकलेली चावी काढली. हात बांबूंच्या मधून पलीकडे घालून धरला. बुधरीबाई जागच्या हलल्या नाहीत. मग दोन पावलं आल्या आणि चावी घेतली. मागे उर्वशीबाई "अगं बाई, सहा फूट, सहा फूट!" असं म्हणाल्याचं मला नंतर भूपेशने सांगितलं.

"मॅडम," शालिकरामभाऊ पेन धरून बसलेले होते. "मी काय लिहू? शक्यता—"

"जूनचं पान काढा," मी म्हणाले. आवाज वर्गातला निघाला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पिकअपमधल्या बायांची कुजबुज थांबली. "मागच्या जानेवारीत या कॉलनीत सगळ्यांच्या आधी मी खोकलले. हैदराबादहून आले, ताडपत्रीवर तुमच्या मधोमध बसले आणि खोकलले. जूनच्या सभेत हे मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. बुधरीबाईंबद्दल मी जे बोलले त्याला काडीचाही आधार नव्हता. पुरावा विचारू नका, नाही माझ्याकडे. त्या पानावरचं बुधरीबाईंचं नाव खोडा, भाऊ. तिथे माझं घाला."